समालोचकाने किती बोलावे?

२०२५ सालच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात लागोपाठ चार रविवार भारत आणि पाकिस्तान क्रिकेटच्या मैदानावर समोरासमोर आले. १४, २१ आणि २८ सप्टेंबरचे सामने पुरुषांच्या आशिया चषकाचे, दुबईत. ५ ऑक्टोबरचा महिलांच्या विश्वचषकातला, कोलंबोत. चारही भारताने जिंकले. आमच्या डोंबिवलीच्या घरात हे चारही रविवार टीव्हीसमोर गेले. मी, मुलगा, सूनबाई आणि चौथीत शिकणारी नात. जेवणाची ताटेसुद्धा तिथेच.

पहिल्या रविवारी सूर्यकुमार यादवने षटकार मारून सामना संपवला. तो आणि शिवम दुबे एकमेकांची पाठ थोपटून सरळ आत निघून गेले. नाणेफेकीच्या वेळी कर्णधारांनी हस्तांदोलन केले नव्हते आणि सामना संपल्यावरही कोणी कोणाशी हात मिळवला नाही. नातीच्या ते लगेच लक्षात आले. शाळेत खो-खोचा सामना हरल्यावरही हात मिळवायला लावतात, हे तिला पाठ आहे. ती म्हणाली, "आबा, हात का नाही मिळवले?"

माझ्या तोंडून सवयीने निघून गेले, "ते राजकारण आहे गं. तू खेळ बघ."

मुलगा एकदम वळला. "बाबा, राजकारण काय म्हणताय? आपल्या गावातली तीन माणसं गेली. हे समालोचक तरी एकदा स्पष्ट बोलतील की नाही?" त्यावर सूनबाईंचे म्हणणे अगदी उलट. "मला तर वाटतं, निदान मॅचमध्ये तरी नको. बातम्यांत दिवसभर तेच ऐकतो." नात तिघांच्या तोंडांकडे बघत राहिली. तिच्या प्रश्नाला उत्तर कोणीच दिले नव्हते.

मुलाचे बोलणे मला लागले, कारण ते खरे होते. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ जण मारले गेले. त्यांत सहा महाराष्ट्रातले होते आणि त्या सहांपैकी तिघे डोंबिवलीचे. भागशाळा मैदानावर त्यांचे अंत्यदर्शन घेण्यासाठी गाव लोटले होते. मीही त्या गर्दीत होतो. आणि तरीही पाच महिन्यांनी नातीने साधा प्रश्न विचारला, तेव्हा मी "खेळ बघ" म्हणून मोकळा झालो. तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. आंतरराष्ट्रीय सामना दाखवणाऱ्याने, त्याचे वर्णन करणाऱ्याने, राजकारणावर बोलावे की बोलू नये? आणि बोलायचे तर किती, केव्हा, कोणत्या अधिकाराने?

आधी कान, मग डोळे

माझ्या पिढीचे क्रिकेट ट्रान्झिस्टरवर वाढले. बाळ ज. पंडित आकाशवाणीवरून मराठीत समालोचन करायचे आणि आम्ही वाड्याच्या ओट्यावर बसून मैदान बघायचो. "बघायचो" हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. रेडिओचा समालोचक हाच ऐकणाऱ्याचा डोळा होता. चेंडू कुठे पडला, क्षेत्ररक्षक कुठे धावला, आकाशात ढग आहेत की ऊन, सगळे त्यानेच सांगायचे. त्याला दुसऱ्या कशाला सवडच नसे.

टीव्ही आला आणि समालोचकाचे हे काम गेले. चेंडू कुठे पडला ते मला दिसते. चार बाजूंनी, संथ गतीने, पुन्हा पुन्हा दिसते. मग समालोचक हवा कशाला? तर जे दिसते त्याचा अर्थ सांगायला. गोलंदाजाने यष्टीच्या दुसऱ्या बाजूने येऊन चेंडू टाकायला का सुरुवात केली, स्लिपमधला माणूस का काढला, हे "का" सांगणे हेच आता त्याचे काम. आणि एकदा "का" सांगायचे मान्य केले, की एखाद्या दिवशी त्या "का"चे उत्तर मैदानाबाहेर सापडणार. हात का मिळवला नाही, दंडाला काळी पट्टी का बांधली, गुडघा का टेकला, हे प्रश्न मैदानावरचेच आहेत. उत्तरे मात्र खेळपट्टीवर सापडत नाहीत.

"खेळात राजकारण नको" हे वाक्य आपण सगळे म्हणतो, मीही म्हटले. पण राजकारण बाहेरून कोणी तरी खेळात आणून टाकते, ही समजूत मुळात खरी नाही. आंतरराष्ट्रीय सामना राष्ट्रगीताने सुरू होतो, झेंडे घेऊन लोक येतात, चषक द्यायला बहुतेक वेळा कोणी तरी सत्ताधारी उभा असतो. दूरचित्रवाणीने थेट दाखवलेले पहिले ऑलिंपिक म्हणजे १९३६ चे बर्लिन. हिटलरच्या राजवटीने शहरात खास दालने उघडून लोकांना ती चित्रे फुकट दाखवली. खेळाच्या थेट प्रक्षेपणाचा जन्मच असा सत्तेच्या मांडीवर झाला.

त्याच बर्लिनमध्ये आपल्या हॉकी संघाने अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असे हरवले, तो दिवस होता १५ ऑगस्ट. संघ ब्रिटिश हिंदुस्थानचा. पण सामन्याला निघण्यापूर्वी खोलीत काँग्रेसचा तिरंगा आणला गेला आणि खेळाडूंनी त्याला वंदन केले, अशी आठवण खुद्द ध्यानचंद यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. त्या खोलीत कॅमेरा नव्हता आणि समालोचकही नव्हता. हा प्रसंग सांगताना आजही आपली छाती फुगते. त्या वेळी "खेळात राजकारण नको" असे आपण म्हणत नाही. म्हणजे हे वाक्य आपण सोयीने काढतो आणि सोयीने ठेवून देतो.

आर्लट यांचा नकार

या प्रश्नावर मला सर्वांत शहाणा वाटतो तो इंग्लंडचा जॉन आर्लट. बीबीसी रेडिओचा हा थोर समालोचक. १९४६ साली पतौडींच्या नेतृत्वाखाली विजय मर्चंट, विजय हजारे वगैरे मंडळी इंग्लंडला गेली होती, त्याच दौऱ्यातल्या सामन्यांपासून आर्लट यांच्या समालोचनाची सुरुवात झाली. १९४८-४९ च्या हिवाळ्यात ते इंग्लंडच्या संघामागोमाग दक्षिण आफ्रिकेत गेले आणि तिथला वर्णभेद त्यांनी जवळून पाहिला. तिथल्या सरकारी कागदावर "वंश" असा रकाना होता, त्यात त्यांनी "मानव" असे लिहिले. पुढे केप टाऊनच्या बेसिल डॉलिव्हेरा या गुणी, पण गोरा नसल्यामुळे स्वतःच्या देशाकडून खेळू न शकणाऱ्या खेळाडूने त्यांना पत्रे लिहिली. आर्लट यांनी खटपट करून १९६० साली त्याला इंग्लंडमधल्या एका लीग क्लबात जागा मिळवून दिली. तो इंग्लंडकडून कसोटी खेळला, १९६८ च्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने १५८ धावा केल्या. त्यानंतरच्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यातून त्याला आधी वगळले आणि मग एका खेळाडूच्या जागी घेतले, तेव्हा तिथल्या सरकारने हा संघ आम्हाला चालणार नाही असे सांगितले. दौरा रद्द झाला.

१९७० मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ इंग्लंडला यायचा होता. आर्लट यांनी एप्रिलमध्येच बीबीसीला कळवले, की या सामन्यांचे समालोचन मी करणार नाही. कारण त्यांनी वर्तमानपत्रात लिहून सांगितले. त्याचा आशय असा, की समालोचन करायला आधी स्वतःला आनंद व्हावा लागतो. तो आनंद ऐकणाऱ्याशी वाटून घ्यायचा असतो. या सामन्यांत मला तो होणार नाही, तेव्हा मी खोटा आनंद दाखवू शकत नाही. मे महिन्यात ब्रिटिश सरकारच्या विनंतीवरून तो दौराही रद्द झाला. दक्षिण आफ्रिका आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये परतली ती थेट १० नोव्हेंबर १९९१ ला, कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर, आपल्याविरुद्ध. मधल्या काळात, १९७४ साली, आपणही डेव्हिस चषकाचा अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेशी खेळायला नकार देऊन चषकावर पाणी सोडले होते.

आर्लट यांनी काय केले आणि काय केले नाही, हे नीट पाहण्यासारखे आहे. ते समालोचनाच्या खुर्चीत बसले असते तर हजारो श्रोते त्यांच्या हाती होते. दर षटकानंतर एक टोमणा मारता आला असता. तसे करायचे त्यांनी मनात आणले नाही. खुर्चीतून प्रचार करण्यापेक्षा त्यांनी खुर्ची सोडली. आणि गुपचूप सोडली नाही, कारण सांगून सोडली. खेळ ऐकायला बसलेल्या माणसाच्या विश्वासाचा त्यांनी मान राखला आणि स्वतःच्या सद्सद्विवेकाचाही.

काळी पट्टी आणि पाऊस

पण प्रत्येक वेळी खुर्ची सोडणे हेच उत्तर नसते. १० फेब्रुवारी २००३ ला हरारेत विश्वचषकाचा झिम्बाब्वे-नामिबिया सामना होता. झिम्बाब्वेचा अँडी फ्लॉवर आणि त्या देशाकडून खेळलेला पहिला कृष्णवर्णीय क्रिकेटपटू हेन्री ओलोंगा यांनी दंडाला काळी पट्टी बांधली. त्यांनी निवेदन काढले होते: आमच्या लाडक्या देशात लोकशाहीचा मृत्यू होत आहे, त्याचा हा शोक. त्या स्पर्धेनंतर दोघेही झिम्बाब्वेकडून पुन्हा खेळले नाहीत. ओलोंगाला तर देशच सोडावा लागला.

आता अशा वेळी समालोचकाने "फ्लॉवरने सुंदर कट मारला" एवढेच म्हणायचे का? पट्टी तर पडद्यावर दिसते आहे. बघणाऱ्याला वाटेल कोणी तरी वारले असेल. इथे न बोलणे म्हणजे तटस्थ राहणे नव्हे. इथे न बोलणे म्हणजे मुगाबे सरकारच्या सोयीचे वागणे. ही पट्टी कशासाठी आहे आणि ती बांधणाऱ्यांनी काय म्हटले आहे, ही दोन वाक्ये समालोचनाचाच भाग आहेत. मुगाबे चांगले की वाईट, यावर व्याख्यान द्यायची गरज नाही. ते बघणारा ठरवील.

मग मत सांगायला समालोचकाला जागाच नाही का? आहे. ८ जुलै २०२० ला साऊथहॅम्प्टनमध्ये इंग्लंड-वेस्ट इंडिज कसोटी सुरू होत होती. करोनामुळे प्रेक्षक नाहीत, त्यात पाऊस. मे महिन्यात अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडला पोलिसांनी मारले होते आणि त्याच्या स्मरणार्थ खेळाडू गुडघा टेकणार होते. पाऊस पडत असताना स्काय स्पोर्ट्सने मायकेल होल्डिंग आणि इंग्लंडची माजी खेळाडू एबनी रेनफर्ड-ब्रेंट यांना बोलू दिले. होल्डिंग शिक्षणाविषयी बोलला. दिव्याच्या शोधाशी एडिसनचे नाव सगळ्यांना शिकवतात. त्या दिव्याची कार्बनची तार सुधारणारा लुईस लॅटिमर हा कृष्णवर्णीय माणूस मात्र शाळेत कोणाला भेटत नाही, असे त्याचे उदाहरण होते. दुसऱ्या दिवशी एका मुलाखतीत आईवडिलांविषयी बोलताना या उंचापुऱ्या वेगवान गोलंदाजाच्या डोळ्यांत पाणी आले. वडील फार काळे म्हणून आईच्या माहेरच्यांनी तिच्याशी बोलणे सोडले होते.

मला हे प्रक्षेपण का पटले, याचा मी विचार केला. एक तर त्यांनी ते चेंडू पडत असताना केले नाही; खेळ थांबलेला असताना, वेगळी वेळ काढून केले. म्हणजे ज्याला नको त्याला उठून चहा करता येतो. दुसरे, बोलणारा स्वतः सोसलेले बोलत होता. तिसरे, समोर खेळाडू जे करणार होते त्याचाच तो अर्थ होता, उगाच ओढून आणलेला विषय नव्हता. आणि चौथे म्हणजे खेळ सुरू झाल्यावर होल्डिंग पुन्हा सीम आणि स्विंगकडे वळला. एवढी चार पथ्ये पाळली, की मत ऐकायला कोणाची हरकत नसावी.

दाखवायचेच नाही, हा उपाय नव्हे

याच्या उलट उदाहरण मला कतारमधल्या २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाचे वाटते. २० नोव्हेंबरला उद्घाटन होते. बीबीसीने आपल्या मुख्य वाहिनीवर उद्घाटनाचा सोहळा दाखवण्याऐवजी गॅरी लिनेकर आणि त्याच्या सोबत्यांची चर्चा दाखवली: यजमानपद मिळवण्यातले भ्रष्टाचाराचे आरोप, परदेशी मजुरांचे हाल, समलिंगी संबंधांवरची बंदी. सोहळा ज्याला हवा त्याने इंटरनेटवर आणि दुसऱ्या बटणावर पाहावा, अशी सोय होती.

त्या चर्चेतले मुद्दे खोटे होते असे मी म्हणणार नाही. त्या मजुरांत आपल्या देशातली माणसे फार मोठ्या संख्येने होती. त्यांचे हाल हा आपला विषय जास्त आहे. माझी तक्रार निराळी आहे. सोहळा दाखवून मग बोलता आले असते. जे चित्र बघायला माणूस बसला तेच काढून घेऊन त्याच्या जागी प्रवचन ठेवले, की मुद्दा कितीही खरा असो, ऐकणाऱ्याचे मन बंद होते. अरब देशांत आणि इतरत्रही लोकांनी लगेच विचारले, की एवढी कडक परीक्षा तुम्ही प्रत्येक यजमानाची घेता का? या प्रश्नाला जोर आला तो चित्र लपवल्यामुळे.

दुसऱ्याच दिवशी इराणचा संघ इंग्लंडविरुद्ध उभा राहिला आणि राष्ट्रगीताच्या वेळी खेळाडूंनी ओठ मिटून घेतले. महसा अमिनी या तरुणीच्या मृत्यूनंतर इराणमध्ये पेटलेल्या आंदोलनाशी त्यांचे हे मौन जोडले गेले. इराणच्या सरकारी दूरचित्रवाणीने त्या क्षणी खेळाडूंचे चेहरे टाळले आणि मैदानाचे लांबचे दृश्य दाखवले. बीबीसी आणि तेहरान यांचे हेतू दोन टोकांचे आहेत. त्यांना एका मापाने मोजणे अन्याय होईल. पण घरात बसलेल्या माणसाच्या दृष्टीने दोन्हीकडे घडले ते एकच: समोर घडणारी गोष्ट त्याला सरळ दिसली नाही.

याहून बरा मार्ग २०२२ च्याच फेब्रुवारीत बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी अमेरिकेच्या एनबीसीने काढला होता. उद्घाटनात ज्योत पेटवण्याचा मान ज्या दोघांना दिला त्यांत एक उइघुर तरुणी होती. निवेदकांनी तो क्षण पूर्ण दाखवला. ही मुलगी उइघुर आहे, उइघुरांच्या वागणुकीला अमेरिकी सरकार वंशविच्छेद म्हणते, चीन हे ठामपणे नाकारतो, ही पार्श्वभूमीही त्या सोहळ्यातच सांगितली. आणि मग बर्फावरचे खेळ सुरू झाले. बघणाऱ्याला चित्र मिळाले आणि चित्राचा संदर्भही मिळाला.

आपल्या घरातला आरसा

दुसऱ्यांचे न्यायनिवाडे सोपे असतात. आपल्याकडे काय?

चौथ्या रविवारच्या आधी, २ ऑक्टोबरला कोलंबोत पाकिस्तान-बांगलादेश महिलांचा सामना होता. पाकिस्तानची माजी कर्णधार सना मीर समालोचन करत होती. नतालिया परवेझ या खेळाडूविषयी सांगताना ती आधी "काश्मीर" म्हणाली आणि मग "आझाद काश्मीर". आपल्याकडे संतापाची लाट उठली. नंतर तिने खुलासा केला, की खेळाडू किती अडचणींतून आली एवढेच मला सांगायचे होते. तिचा हेतू मी तपासू शकत नाही. पण आंतरराष्ट्रीय समालोचकाला हे कळले पाहिजे, की वादातल्या प्रदेशाचे नाव हा नुसता पत्ता नसतो. जे नाव भारताला मान्य नाही ते जगभरच्या प्रक्षेपणात वापरणे म्हणजे एका बाजूचा निकाल देणे. खेळाडूच्या गावाचे नाव घेतले असते तरी तिची कहाणी पुरी झाली असती. ही चूकच. पण उद्या आपला एखादा समालोचक भावनेच्या भरात असेच काही बोलला, तर आपण त्याला हाच न्याय लावू का? की टाळ्या वाजवू?

मापाचा हा प्रश्न क्रिकेटच्या कारभाऱ्यांनाही सुटलेला नाही. पुलवामानंतर, ८ मार्च २०१९ ला रांचीत आपल्या संघाने लष्करी टोप्या घातल्या. निधी उभारणे आणि हुतात्म्यांचे स्मरण यासाठी आयसीसीने त्याला परवानगी दिली होती. २०२३ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियाच्या उस्मान ख्वाजाला मात्र "सर्व जीव समान आहेत" असे लिहिलेले बूट घालता आले नाहीत. मला टोप्यांचा अभिमान वाटला, हे मी लपवत नाही. पण ख्वाजाचे बूट "राजकारण" आणि आपल्या टोप्या "भावना", असे म्हणताना जीभ थोडी अडखळते.

आणखी एक गोष्ट. सामन्यात राजकारण नको म्हणणाऱ्या वाहिन्याच सामन्याआधी महिनाभर काय दाखवतात? भारत-पाकिस्तान लढत म्हणजे जणू युद्ध, अशा जाहिराती. २०१५ पासून गाजलेली फटाक्यांची ती "मौका मौका" मालिका निदान हसवणारी तरी होती. पण शेजाऱ्याला डिवचून प्रेक्षक गोळा करणे हेही राजकारणच आहे, फक्त ते प्रायोजकाच्या पैशाने होते.

मुलाने विचारले होते, हे समालोचक स्पष्ट का बोलत नाहीत? याचे एक उत्तर फार साधे आहे. ज्या समालोचकाचा करार क्रिकेट मंडळाच्या हाती असतो, त्याला मंडळाविषयीच बोलता येत नाही. तो जगाविषयी काय बोलणार? २०१३ मध्ये इयन चॅपेलने भारतातल्या मालिकेचे समालोचन नाकारले, कारण संघनिवड, कारभार आणि पंचांच्या निर्णयाची फेरतपासणी हे विषय वर्ज्य आहेत असे त्याला कळले. चॅपेल दौऱ्यावर आला नाही म्हणून त्याचे काही अडले नाही. इतरांचे घर त्याच खुर्चीवर चालते. संघातून एखाद्याला का वगळले हे विचारायची ज्याला मुभा नाही, त्याच्याकडून पहलगामवर निर्भीड भाष्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. तो बोललाच तर मंडळाला आणि सरकारला रुचेल तेच बोलेल, आणि आपण त्याला धाडस समजू. मला मुलाला हेच सांगायचे होते. मोकळेपणाने गप्प बसण्याची मुभा नसेल, तर बोलण्यालाही किंमत उरत नाही.

दोन वाक्यांचे काम

तिसऱ्या रविवारी, २८ सप्टेंबरला, अंतिम सामना जिंकूनही बक्षीस समारंभ तासाभराहून अधिक रखडला. मैदानावर आशियाई क्रिकेट परिषदेचे तेव्हाचे अध्यक्ष मोहसीन नक्वी उभे होते आणि भारतीय संघ चषक घ्यायला येत नव्हता. शेवटी न्यूझीलंडचा सायमन डूल ध्वनिक्षेपकापुढे आला आणि म्हणाला, की भारतीय संघ आज रात्री बक्षिसे स्वीकारणार नाही असे परिषदेने मला कळवले आहे, तेव्हा समारंभ इथे संपतो. बस्स. चेहऱ्यावर ना हसू ना आठी.

त्या जागी उभ्या असलेल्या माणसाने याहून जास्त बोलू नये, हे मला मान्य आहे. कोणी कळवले, काय कळवले, एवढे त्याने नेमके सांगितले. पण त्यानंतर घरातल्या प्रेक्षकाला आणखी एक वाक्य मिळायला हवे: नक्वी हे त्याच वेळी पाकिस्तानी क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष आणि त्या देशाचे गृहमंत्रीही आहेत. यात मत कुठेच नाही. पण एवढे कळले की आमच्या नातीलाही चित्राचा अर्थ लागतो. मग चषक न घेणे योग्य की अयोग्य, यावर घराघरात खुशाल वाद व्हावा.

म्हणून मला वाटते, की "बोलावे की बोलू नये" हा प्रश्नच चुकीचा विचारला जातो. पडद्यावर जे घडते ते दाखवलेच पाहिजे आणि त्याचे कारण दोन वाक्यांत सांगितलेच पाहिजे. ते कर्तव्य आहे. त्यापुढचे मत हा हक्क आहे, कर्तव्य नव्हे. तो बजवायचा तर खेळ थांबलेला असताना, स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या अनुभवातून. आपला संघ असो वा परका, माप एकच हवे. आणि ज्याला हे जमणार नाही त्याने आर्लट यांच्यासारखे कारण सांगून उठून जावे. उरलेला सगळा वेळ खेळाचा. सूनबाईंचे म्हणणेही काही खोटे नाही. दिवसभराच्या बातम्यांतून सुटून दोन तास नुसता खेळ बघावासा वाटणे हा पळपुटेपणा नव्हे.

पहिल्या रविवारची रात्र सरल्यावर, झोपायच्या आधी, मी नातीच्या प्रश्नाचे उत्तर दिले. आधी काय घडले ते सांगितले, मग आपल्या संघाने काय ठरवले ते. माझे मत शेवटी सांगितले, तेही तिने विचारले म्हणून. ते इथे लिहीत नाही. तुमचेही एक असेलच.

चौथ्या रविवारी दुपारी शेजारची तिची मैत्रीण सामना बघायला आली होती. नाणेफेकीला पुन्हा हस्तांदोलन नाही. मैत्रिणीने तोच प्रश्न विचारला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात नात म्हणाली, "एप्रिलमध्ये पहलगामला सव्वीस माणसं मारली. आपल्या डोंबिवलीतले तीन काका होते त्यात. म्हणून आपली टीम हात नाही मिळवत. काही जणांना ते बरोबर वाटतं, काही जणांना नाही वाटत."

"तुला काय वाटतं?"

"मी अजून ठरवलं नाही," ती म्हणाली. "आता गप्प बस, बॉल टाकतायत."